कथाचित्रातील रेघ : एक विचार

दिवाळी अंक हाती आला की आपण आधी अनुक्रमणिका पाहतो. कथा कोणाची, कविता कोणाच्या, हे तेथे ठळकपणे छापलेले असते. चित्रे कोणाची, हे मात्र बहुधा मुद्रकाच्या नावाशेजारी, बारीक टाइपात, 'सजावट' या एका शब्दापुढे उरकलेले असते. या शब्दाविषयी थोडे बोलायचे आहे. निमित्त आहे बडोद्याजवळच्या कोयलीत पाहिलेल्या एका वहीचे.

कोयली हे तसे साधे गाव. १९६५ साली सोव्हिएत साहाय्याने तेथे तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला आणि गावाचे नाव देशभर गेले. माझी धाकटी बहीण तेथे राहते. भाची बडोद्याच्या फाइन आर्ट्समध्ये, म्हणजे सयाजीराव विद्यापीठाच्या १९५० साली सुरू झालेल्या ललितकला शाखेत शिकते. कथाचित्रांच्या वर्गासाठी ती रोज रात्री टाक आणि काळी शाई घेऊन बसते. वहीत पानामागून पान कारखान्याची धुराडी. आडव्या रेघा, तिरप्या रेघा, एकावर एक जाळी. मी म्हटले, "अगं, किती वेळा तेच?" मान वर न करता ती म्हणाली, "मामा, शाई खोडता येत नाही ना, म्हणून."

शाईकामाचे सगळे शास्त्र या उत्तरात आहे. पण त्या जाळीदार रेघांचा इतिहास थोडा वेगळा आहे आणि तो विद्यार्थ्यांना क्वचितच सांगितला जातो. खिळे जुळवून छपाई होत असे, त्या काळी चित्रासाठी जस्ताचा ब्लॉक करावा लागे. साध्या रेषेच्या ब्लॉकला दोनच गोष्टी कळत : काळे आणि पांढरे. मधला करडा रंग हवा तर ठिपक्यांचा, महागडा ब्लॉक हवा. आणि तो अंकांच्या खरबरीत कागदावर धड उमटतही नसे. म्हणून चित्रकार रेघांची दाटी करून सावली सुचवीत. दाटी फार झाली की शाई भरून तेथे डाग पडे. तेव्हा कोठे थांबायचे, हे कागद आणि यंत्र शिकवीत असत. ऑफसेट आले आणि ही अडचण संपली. रेघांची जाळी मात्र सवय म्हणून उरली. भाचीच्या पहिल्या पंधरा-वीस पानांत मला हीच सवय दिसली. धुराडे गोल आहे, हे पटते. पण ते कोणी पाहिले, कोणत्या मनःस्थितीत पाहिले, हे कळत नाही.

याच्या उलट वसंत सरवटे आठवावेत. कोल्हापूरचा, १९२७ सालचा जन्म. शिक्षणाने आणि नोकरीने स्थापत्य अभियंता. 'ललित'मधल्या ठणठणपाळाला चेहरामोहरा त्यांनी दिला. त्यांच्या चित्रात छायाप्रकाशाचा पसारा नसतो. माणूस कसा उभा आहे, खांदा किती पडला आहे, शेजारच्या माणसापासून तो किती अंतरावर आहे, एवढ्यावरच सगळे काम होते. त्यांच्यावरील ग्रंथाला 'रेषालेखक' हे नाव मिळाले, ते मला फार योग्य वाटते. त्यांनी मजकूर सजवला नाही. वाचला, आणि आपले वाचन रेषेत लिहिले.

दुसरे उदाहरण बडोद्यातलेच, पण अगदी दुसऱ्या टोकाचे. नसरीन मोहमदी १९७२ पासून १९९०मध्ये निधन होईपर्यंत येथे शिकवीत होत्या. त्यांची शेवटची वर्षे आजारपणात गेली, हात पूर्वीसारखा साथ देईना; तरी शाईच्या आणि पेन्सिलीच्या नेमक्या सरळ रेघा त्या ओढीत राहिल्या. त्या चित्रांत ना माणूस ना कथा. कथाचित्रकाराने त्यांच्याकडून काय घ्यावे, असे कोणी विचारील. दोन रेघांमधले कोरे अंतर, हे माझे उत्तर. रेघ जेवढे सांगते तेवढेच तिच्या शेजारची कोरी जागा सांगते. हे सरवट्यांना विनोदातून कळले होते, नसरीनबाईंना मौनातून.

आपल्यासारख्या दुभाषी मुलखातल्या वाचकाला हे समजणे अवघड जाऊ नये. भाची घरी मराठी लिहिते, बाहेर गुजराती वाचते. मराठी अक्षर शिरोरेषेला लटकते. गुजरातीने ती रेघ सोडून दिली आणि अक्षरे मोकळी उभी राहिली. आमच्या बेळगावकडच्या मुलाला शिरोरेषेशेजारी कन्नडची गोलाई दिसते. रेघ असण्याने आणि नसण्याने पानाचा स्वभाव कसा बदलतो, हे ही मुले लहानपणापासून नकळत पाहत असतात. दोन लिप्यांचे ओझे होते, अशी तक्रार आपण पालक नेहमी करतो. चित्र काढणाऱ्या हाताला मात्र ती दुहेरी शिदोरी आहे.

वहीच्या शेवटी एका कथेसाठी केलेली तीन चित्रे होती. कथा तिने स्वतः निवडून दोनदा वाचली होती. पहिल्या दोन चित्रांत प्रसंग जसाच्या तसा आहे. कथेने सांगितलेले चित्र पुन्हा सांगते, म्हणून ती फसली आहेत. तिसऱ्यात घर रिकामे, दाराशी एक चप्पल, आणि दूर धुराडे : या वेळी जाळीशिवाय, दोनच रेघांत. कथेत धुराडे नाही. पण नोकरीसाठी गेलेल्या माणसाची वाट पाहणे त्या दोन रेघांत आले आहे. हे चित्र मला पूर्ण उतरलेले वाटले. चप्पल थोडी मोठी झाली आहे. तेवढा दोष सोडावा.

याच मुलीला एका दिवाळी अंकाचे काम मिळाले, तेव्हा कथा पाठवलीच नाही. दोन ओळींचा निरोप आला : कथा दुःखी आहे, खिडकीत बाईचा चेहरा काढा. तिने काढला. न वाचता काढलेले चित्र सजावटच होणार. त्याचा दोष चित्रकाराला कसा द्यावा? आणि तेवढ्यासाठी माणूस तरी कशाला हवा, असे चित्र आता संगणकही करून देतो.

खोडता येत नाही, म्हणून रेघ ओढण्यापूर्वी ठरवावे लागते. ठरवायचे तर वाचावे लागते. या अर्थाने कथेचा पहिला समीक्षक तिचा चित्रकार असतो. आपली समीक्षा अंक छापून झाल्यावर येते, त्याची कथेबरोबरच छापली जाते. तेव्हा संपादकांना एवढीच विनंती, की चित्रकाराला पूर्ण कथा द्यावी, आठ दिवस द्यावेत, आणि त्याचे नाव कथेच्या पानावर छापावे. तिकडे कोयलीत टाक चालूच आहे.