कॅलेंडरवरचे देव आणि त्यांचा अभ्यासक

किराणा दुकानातल्या कॅलेंडरवरची लक्ष्मी ही ‘कला’ आहे का, असा विषय निघाला की आपल्याकडे एकतर नाकं मुरडली जातात, नाहीतर ‘किती किच, किती गोड!’ असं कौतुक होतं. ख्रिस्तोफर पिनी हा ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ या दोन्ही भानगडींत पडत नाही. चित्र चांगलं की वाईट हे ठरवण्याआधी लोक त्याचं काय करतात, ते तो बघतो.

‘कॅमेरा इंडिका’ (१९९७) या पुस्तकात वसाहतकाळातली छायाचित्रं आहेत आणि मध्य प्रदेशातल्या नागदा या कारखान्यांच्या गावातले फोटो स्टुडिओही आहेत. इंग्रजांनी ‘द पीपल ऑफ इंडिया’च्या आठ खंडांत माणसं नमुन्यांसारखी मांडली. नागद्याचा माणूस स्टुडिओत जातो तो आपण नाही ते होऊन बघायला. रंगवलेल्या पडद्यासमोर उभा राहतो, एकाच फोटोत दोनदा दिसतो. फोटोनं आपलं ‘खरं’ अंतरंग पकडावं, ही अपेक्षाच तिथं नाही. इन्स्टाच्या फिल्टरवर चिडणाऱ्यांनी हा भाग जरूर वाचावा.

त्याचं सगळ्यात महत्त्वाचं पुस्तक मात्र ‘फोटोज ऑफ द गॉड्स’ (२००४). छापील देवचित्रांचा हा इतिहास. त्यात १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकारानं पुण्यात निघालेली चित्रशाळा आहे, आणि राजा रविवर्म्यांचा १८९४ चा छापखानाही, जो आधी गिरगावात होता आणि पुढे मळवलीला गेला. पिनीचं म्हणणं असं, की राजकारण आधी घडतं आणि चित्रं ते नंतर रंगवून दाखवतात, असं नसतं. पोटात देव असलेली गाय किंवा हॅट घातलेले भगतसिंग, ही चित्रं स्वतःच राजकारण घडवतात.

कांटपासून चालत आलेलं सौंदर्यशास्त्र सांगतं, अलिप्तपणे बघा. इथे लोक चित्राला गंध लावतात, उदबत्ती ओवाळतात, चमकी चिकटवतात. शरीरानं घेतलेल्या या अनुभवाला पिनीनं ‘कॉर्पोथेटिक्स’ असा शब्द घडवला. शब्द अवघड आहे, आणि मध्येमध्ये ल्योतारचं ओझंही आहे. पण मुद्दा साधा. मी पोटासाठी अ‍ॅपचे स्क्रीन बनवतो. आमच्याकडे स्क्रीन किती सुंदर आहे यापेक्षा बोट कुठं जातं, कुठं थांबतं, याची चर्चा जास्त. त्यामुळे मला हे लगेच पटलं.

पटलं तरी एक गोष्ट खटकते. नागद्याजवळच्या गावात पिनी घरोघरी जातो, तेव्हा पूजा करणारी माणसं स्वतः बोलतात. पुण्या-मुंबईच्या छापखान्यांवर आला, की संस्थापक, चित्रकार आणि सरकारी फायलीच बोलू लागतात. चित्रशाळेचं चित्र माजघरात लागलं की ओटीवर? कुणी टांगलं, कुणी रोज पुसलं? ज्याच्या सिद्धांताचा सगळा भर हातांवर आहे, त्याच्याच पुस्तकात हे हात दिसत नाहीत. तरीही त्या चित्रांनी लोकांच्या मनात काय केलं, हे तो ठामपणे सांगतो. एखादं चित्र जप्त झालं, यावरून सरकार घाबरलं एवढं कळतं. ते रोज पाहणाऱ्या घरातल्या बाईला त्यात काय दिसत होतं, ते त्या फायलीत नसतं. कदाचित जुन्या मराठी पत्रांत, आत्मचरित्रांत सापडेल. ते शोधायचं काम आपलं आहे, पिनीची वाट बघण्यात अर्थ नाही.

आणि आता तर देव फोनवर येतात. पिनीच्या गावात पूजेनं चित्राची किंमत वाढत जाते, आणि जीर्ण झाल्यावर ते पाण्यात सोडतात. फॉरवर्ड होऊन आलेल्या गणपतीवर गंधाचा डाग पडत नाही, धूर बसत नाही, तो जुनाच होत नाही. मग त्याची किंमत कशानं वाढते? पुढे पाठवण्यानं? तसं असेल तर कॉर्पोथेटिक्सची बरीच मांडणी नव्यानं करावी लागेल. पण मेमरी भरल्यावर तोच गणपती डिलीट करताना पुष्कळांचं बोट थबकतं, नातेवाइकांच्या शंभर फोटोंवर थबकत नाही तेवढं.