सा-पला गोड, तोडीला गढूळ

वाढवणच्या आमच्या घरात फळीवर एक जुना मर्फी आहे. ठाण्याच्या कारखान्यातला, तेव्हा आमचा जिल्हाही ठाणेच होता. खाऱ्या वाऱ्याने चासीला गंज धरलाय, तरी रेडिओ अजून लागतो. लावला की काका म्हणतातच, "आवाज बघ कसा गोड! हल्लीच्या डब्यांत हे नाही."

मागचा पुठ्ठा काढून मी आत पाहिलंय. आवाज वाढवायला शेवटी एकच ईएल84 व्हॉल्व, ताकद चारेक वॉट. जोर लावला की डिस्टॉर्शन, म्हणजे आवाजातली भेसळ, काही टक्क्यांवर जातं. मीटरपुढे हा नापास, काकांपुढे पहिला. अँप्लिफायर रचणाऱ्यांत पाऊणशे वर्षं हेच भांडण चाललंय.

1947 साली विल्यमसन नावाच्या रचनाकाराने 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात 15 वॉटचा व्हॉल्व अँप्लिफायर दिला, डिस्टॉर्शन 0.1 टक्का. युक्ती फीडबॅकची: बाहेर पडलेल्या आवाजाचा अंश उलटा करून आत घालायचा, म्हणजे चूक स्वतःच कापली जाते. पुढे ट्रान्झिस्टर आले आणि सत्तरच्या दशकात डिस्टॉर्शनच्या आकड्यात दशांशचिन्हापुढच्या शून्यांची शर्यत लागली. कॅटलॉग चकचकीत, पण काही यंत्रं कानाला बोचायची. त्यांत लहरीचा वरचा अर्धा भाग एक ट्रान्झिस्टर उचलतो, खालचा दुसरा. हातबदल होताना खाच पडते. ही खाच हळू आवाजात जास्त जाणवते, आणि कॅटलॉगात आकडा छापलेला पूर्ण ताकदीचा! शिवाय सगळ्या चुका एकाच टोपलीत मोजलेल्या. या चुका म्हणजे मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट अशा पटींत निघणारे स्वर, हार्मोनिक. दुसरा हार्मोनिक म्हणजे नुसता वरचा सा. सातवा आपल्या सप्तकात कुठे नीट बसतच नाही. बीबीसीच्या शॉर्टरने 1950 मध्येच सुचवलं होतं की वरच्या हार्मोनिकला जास्त वजन द्या. त्याच्या सूत्राने सातव्याचं वजन दुसऱ्याच्या बारापट भरतं. ते फारसं कुणी मनावर घेतलं नाही.

म्हणून 'गोड' पंथाचं सगळं खरं मानायचं का? जरा गणित करू. सा 240 हर्ट्झ धरला तर प 360. एकल व्हॉल्वचा अँप्लिफायर यांची बेरीज-वजाबाकीही ऐकवतो: 600 आणि 120. म्हणजे तार गंधार आणि खर्जातला सा. तानपुऱ्याला फुकटात साथ! आपल्याकडच्या ख्यालरसिकांना व्हॉल्व भावतो, त्यात याचा वाटा मोठा असावा असं मला वाटतं. आता तोडीचा कोमल रे घ्या, 256. साशी बेरीज 496, तार सा (480) आणि तार कोमल रे (512) यांच्या बरोबर मधोमध. गायकाने न लावलेला, उपरा स्वर. व्हायोलिनांचा ताफा आला की असे उपरे स्वर शेकड्यांनी निघतात आणि आवाज गढूळ होतो.

हा गोडवा काही गूढ नाही, हे अँप्लिफायर बनवणाऱ्या बॉब कार्व्हरने 1985 मध्येच दाखवून दिलं. 'स्टिरिओफाइल' मासिकाच्या समीक्षकांना आवडलेल्या महागड्या व्हॉल्व अँप्लिफायरशी त्याने आपला स्वस्त ट्रान्झिस्टर अँप्लिफायर जुळवला. समीक्षकांना फरक सांगता आला नाही.

आज ब्रुनो पुट्झीससारख्या रचनाकारांच्या क्लास-डी अँप्लिफायरांत डिस्टॉर्शन 0.001 टक्क्याच्याही खाली जातं. स्वच्छ आवाज हा आता सुटलेला प्रश्न आहे. तरी दिल्लीची लिरिटा कंपनी व्हॉल्व अँप्लिफायर घडवते, पुण्याच्या कॅडेन्सनेही ते केले. घडवू देत. कारागिरी सुंदर असते, व्हॉल्वच्या तांबूस उजेडात बसायला मलाही आवडतं. माझा आक्षेप 'हाच खरा आवाज' या भाषेला आहे. आमच्याकडचा तारपा बनवणारा दुधीत बांबूच्या नळ्या मेणाने बसवतो आणि सूर कानानेच जुळवतो. तो रंग त्याच्या हक्काचा, कारण तारपा वाद्य आहे. त्याच्या रेकॉर्डिंगवर अँप्लिफायरने आपला दुसरा रंग कशासाठी चढवायचा? चढवायचाच असेल तर तो बंद करायचं बटण द्या. तसं बटण मला दुकानात क्वचितच दिसतं.

अँप्लिफायर घ्यायला जाल तेव्हा खिशात मल्टिमीटर ठेवा. स्पीकरच्या टोकांवरचं व्होल्टेज दोन्ही यंत्रांचं सारखं करून घ्या. पाच-सहा टक्के जास्त असलं तरी मोठं वाजणारंच गोड वाटतं. आणि दुकानदाराची तबकडी नको. आपली तोडी घेऊन जा.