‘शोध’ या शब्दाचे शोधन

इंदूर-ग्वाल्हेरकडील मराठी मुलास एका शब्दाने नेहमी कोड्यात टाकले आहे. घरच्या मराठीत ‘संशोधन’ म्हणजे नवे ज्ञान मिळविण्याचा व्यासंग. शाळेतील हिंदीत ‘संविधान संशोधन’ म्हणजे घटनादुरुस्ती. हिंदीतला अर्थ निराळा व मराठीतला निराळा, एवढे सांगून शिक्षक बहुधा मोकळे होतात. आमच्या मते हे उत्तर अपुरे आहे. हे दोन अर्थ एकमेकांस परके नाहीत. ते एकाच अर्थाचे दोन भाग आहेत.

मूळ धातू ‘शुध्’, म्हणजे शुद्ध होणे. ‘शोधन’ म्हणजे शुद्ध करणे. वैद्य गंधकाचे शोधन करतात ते याच अर्थाने. संस्कृतात ‘ऋणशोधन’ म्हणजे कर्ज फेडणे, आणि बंगालीत ‘शोध’ म्हणजे आजही परतफेड. मग या शब्दात धुंडण्याचा अर्थ कोठून आला? सुपात तांदूळ निवडणारी गृहिणी डोळ्यांपुढे आणावी. खडा काढून टाकावयाचा तर तो आधी दिसावा लागतो. म्हणून शुद्ध करणाऱ्यास निरखून पाहणे चुकत नाही. पालीतील ‘सोधेति’ या क्रियापदास शुद्ध करणे आणि तपासून पाहणे, धुंडणे असे दोन्ही अर्थ आहेत. म्हणजे हे अर्थांतर मराठीच्या उदयापूर्वीच घडून आले होते. गोव्यातील कोकणीचे ‘सोदप’ याच कुळातले.

मराठीत हा जुना अर्थ लोपला नव्हता, याची साक्ष एकनाथांच्या कार्यात मिळते. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ च्या सुमारास, त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि त्या कामास ‘शोधणे’ हेच क्रियापद योजिले. तेथे शोधणे म्हणजे हरवलेले मिळविणे नव्हे. पाठांत शिरलेले अशुद्ध ओळखून दूर सारणे होय.

धुंडण्यासाठी मराठीजवळ दुसरे शब्द नव्हते असे नाही. बेळगाव-कोल्हापूरकडे हरवलेली किल्ली ‘हुडकतात’. या शब्दाचे कानडी ‘हुडुकु’शी असलेले नाते उघड आहे. चोरीचा ‘तपास’ होतो. तो अरबी ‘तफह्हुस’वरून आलेला. हे शब्द ग्राम्य किंवा परके म्हणून विद्यार्थ्यांच्या निबंधांतून खोडणे आम्हांस मान्य नाही. प्रत्येकाचे काम वेगळे आहे. किल्ली सापडली की हुडकणे संपते. शोधनाचे काम मात्र सापडल्यानंतरही उरते.

१९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. ‘संशोधक’ या पदवीत हा उरलेला भागही अभिप्रेत असला पाहिजे. केवळ दप्तरे गोळा करणारा संग्राहक ठरेल, संशोधक नव्हे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा १,२५९ हस्तलिखिते पाहिली गेली. ती मिळविणे हा कार्याचा पूर्वार्ध होता. पाठ ताडून प्रक्षिप्त भाग वेगळा काढणे हा उत्तरार्ध. वडोदऱ्याच्या प्राच्यविद्या मंदिराने १९६० ते १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रामायणाच्या आवृत्तीमागेही हाच दुहेरी व्यासंग आहे.

आज हा उत्तरार्धच विसरला जात आहे, अशी आमची तक्रार आहे. संगणकावर एक शब्द टाकताच शेकडो उतारे पुढे येतात. ते ओळीने लावून प्रबंध होतो आणि त्यास आपण संशोधन म्हणतो. यंत्राने हुडकून दिले, एवढाच त्याचा अर्थ. त्यांतील खडे कोणी निवडले? घेतलेला पाठ कोणी ताडून पाहिला? पूर्वी आपणच केलेले विधान चुकीचे ठरल्यावर ते कोणी मागे घेतले?

म्हणून त्या इंदूरच्या मुलास शिक्षकांनी असे सांगावे: हिंदीने या शब्दाचा दुरुस्तीचा अर्थ जपला, मराठीने धुंडण्याचा, आणि खऱ्या संशोधकास दोन्ही लागतात. आपल्या अकादमीच्या सभासदांनीही आपले लेखन या अर्थाने एकवार शोधून पाहावे, एवढीच विनंती.