पेंटाग्रॅम : यंत्राच्या सोबतीला माणूस

वाशीम जिल्ह्यातील रिठद येथे मुक्कामाला असताना एका सायंकाळी दारावरून वरात गेली. पुढे डीजेची गाडी होती, मागे वाजंत्री. वाजंत्र्यांचे हात हलताना दिसत होते. त्यांचे वाद्य मात्र ऐकू येत नव्हते. यंत्र आले की माणसाचा हात निकामी होतो काय, हा प्रश्न मनात घोळत असतानाच यजमानांच्या मुलाने मुंबईच्या ‘पेंटाग्रॅम’ या रॉक बँडची गाणी ऐकवली.

नाव ऐकूनच आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठ्या पडतील. पाच टोकांचा हा तारा आज सैतानपूजेशी जोडला जातो. मध्ययुगीन ख्रिस्ती परंपरेत मात्र तो प्रभूच्या पाच जखमांचेही प्रतीक मानला जाई. तेव्हा नावावरून निवाडा न करता संगीताकडेच वळावे, हे बरे.

विशाल ददलानी यांचे गायन, रँडॉल्फ कोरिया यांची गिटार, पापल माने यांची बास गिटार आणि शिराज भट्टाचार्य यांचे ड्रम्स, असा हा चौघांचा मेळ. ‘वुई आर नॉट लिसनिंग’ ही त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका १९९६ साली आली. तिच्यात गिटारचा कर्कश आघात आहे आणि ओरडून मांडलेला राग आहे. तो राग खरा असला, तरी एकाच पट्टीत राहिल्याने पुढेपुढे कान थकतात.

२००२ सालच्या ‘अप’पासून या गोंगाटात इलेक्ट्रॉनिक ध्वनी मिसळू लागले. पाश्चात्त्य संगीतात हा मार्ग पूर्वीच चोखाळला गेला होता. मँचेस्टरच्या ‘जॉय डिव्हिजन’ या पोस्ट-पंक बँडचा गायक इयन कर्टिस याने मे १९८० मध्ये आत्महत्या केली. मागे राहिलेल्या सोबत्यांनी ‘न्यू ऑर्डर’ या नावाने पुन्हा उभे राहताना यंत्रांचा हात धरला. १९८३ सालच्या त्यांच्या ‘ब्लू मंडे’त ताल यंत्राचा आहे, पण पीटर हूक यांची बास गिटार हातानेच वाजते. गाणे सजीव राहते ते त्या हातामुळे.

पेंटाग्रॅमचे बलस्थानही हेच. ‘अप’मध्ये काही ठिकाणी यंत्राचा ध्वनी वरून चिकटवलेल्या जिलेटिनच्या कागदासारखा वाटतो, हे मान्य केले पाहिजे. परंतु २००७ सालच्या ‘इट्स ओके, इट्स ऑल गुड’मध्ये तो गाण्याच्या अंगात मुरला आहे. २०११ सालच्या ‘ब्लडीवुड’मध्ये तर गिटार कोठे संपते आणि यंत्र कोठे सुरू होते, हे सहज सांगता येत नाही. राग ओसरलेला नाही. त्याला शिस्त लाभली आहे. आणि यंत्र घरात आले म्हणून ड्रमवादकाला दाराबाहेर जावे लागलेले नाही.

हे सारे आपल्याला परके वाटू नये. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनाविषयक दस्तऐवजात पाइप ऑर्गनला मानाचे स्थान देऊन, पवित्र कार्यास योग्य अशी अन्य वाद्ये स्वीकारण्याची मुभा दिली. त्या उघड्या दारातून कीबोर्डही आपल्या गायनवृंदात आला. पण बटण दाबून सुरू केलेला तयार ताल कोणासाठी थांबत नाही. वृद्ध बाई स्तोत्राच्या मध्येच श्वास घेते, मुले शब्द विसरतात. ताल आपला पुढे धावतो आणि मिस्सेला आलेली माणसे त्याच्यामागे फरफटत जातात. बोट कीबोर्डवर ठेवणाऱ्याचा कान गाणाऱ्यांकडे असेल, तर तेच वाद्य उपासनेला साथ देते.

म्हणून एखाद्या संगीतात वीज किती वापरली, हे मोजण्यात अर्थ नाही. यंत्राशेजारी ऐकणारा माणूस जागा आहे काय, एवढेच पाहावे. रिठदच्या वरातीत तो गाडीमागून मुकाट चालत होता. पेंटाग्रॅमच्या गोंगाटात तो मला भेटला.