अस्सल डायल, नक्कल डायल

आजोबांचे ‘वेस्ट एंड सोवार प्रायमा’ हे मनगटी घड्याळ गेल्या वर्षी मी पुण्यातल्या एका संग्राहकांना दाखवले. त्यांनी डोळ्याला भिंग लावले, अर्धे मिनिटही पाहिले नसेल, आणि म्हणाले, “डायल बॉम्बे आहे. बाकी ठीक.” या बाजारात ही जवळजवळ शिवीच. जुनी डायल खरवडायची, तिच्यावर नवा रंग आणि नवी अक्षरे चढवायची आणि ‘जुने स्विस घड्याळ’ म्हणून परदेशी गिऱ्हाइकाच्या गळ्यात बांधायचे, या मुंबईतल्या धंद्यावरून ती पडली.

त्यांचे निदान बरोबर होते. त्यावरून काढलेला ‘म्हणजे अस्सल नाही’ हा निष्कर्ष मात्र मला मान्य नाही.

आधी निदानाविषयी. नव्याने रंगवलेल्या डायलवर अक्षरे जाड उमटतात, त्यांच्या कडा फुटलेल्या दिसतात. मिनिटांच्या रेघा आणि तासांच्या खुणा एका रेषेत येत नाहीत. काटे दुसऱ्याच घड्याळाचे असले तर मिनिटकाटा रेघांपर्यंत पोचत नाही. सगळ्यांत बोलका पुरावा रेडियमचा. जुन्या रेडियमने वर्षानुवर्षे एकाच जागी थांबलेल्या काट्याखाली तपकिरी डाग पाडलेला असतो. साठच्या दशकात रेडियमची जागा ट्रिटियमने घेतली आणि डायलच्या तळाशी ‘स्विस’च्या दोन्ही बाजूंना ‘टी’ हे अक्षर येऊ लागले. पन्नाशीतल्या घड्याळावर हे ‘टी’ दिसले, की पुढे बोलायला नको. ही चिकित्सा शास्त्रशुद्ध आहे, आणि फसवणुकीच्या बाजारात ती हवीच.

अडचण येते ती कसोटी उसनी घेतल्यामुळे. लुगर पिस्तुले जमवणारे सुट्या भागांवर ठोकलेले क्रमांक जुळवून पाहतात. स्वित्झर्लंडच्या लष्कराने हे पिस्तूल १९०० साली, जर्मनीच्याही आधी, स्वीकारले. क्रमांक जुळले तर सगळे भाग एकत्रच कारखान्याबाहेर पडले असे मानता येते. घड्याळाचे तसे नाही. स्विस घड्याळाचे कच्चे यंत्र एका गावात, डबी दुसरीकडे, डायल तिसरीकडे होई. हिंदुस्थानच्या बाजारासाठी नाव कमावलेल्या वेस्ट एंडची यंत्रे लाँजिन्ससारख्या वेगवेगळ्या कारखान्यांतून येत. म्हणजे ज्याला आपण ‘मूळ’ म्हणतो तीही एक जुळणीच. ती कोणत्या दिवशीची धरायची, एवढाच वाद.

आमच्या घड्याळापुरते सांगतो. आजोबांनी ते १९५४ मध्ये हैदराबादला घेतले. आमचे औसा तालुक्यातले गाव तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, आदल्याच दिवशी गणपती बोळवले होते. आजोबा अंगणात झोपले होते म्हणून वाचले. आजी आत होती. दहा दिवसांनी मातीच्या ढिगातून देवळीतला डबा निघाला, त्यात घड्याळ होते. वरून पाऊस पडून गेलेला. यंत्र गंजले होते तरी सुधारले, पण डायलवर अक्षर म्हणून उरले नव्हते. लातूरच्या घड्याळजींनी ती हैदराबादला पाठवून रंगवून आणली. संग्राहक जिला बॉम्बे म्हणाले ती ही डायल. शहर तेवढे चुकले.

हे सगळे झाकणाच्या आतल्या बाजूला वाचता येते. दुरुस्तीला घड्याळ उघडले की सुईच्या टोकाने तारीख कोरायची, ही घड्याळजींची जुनी रीत. आमच्या झाकणात तीन नोंदी आहेत. पहिली उर्दू आकड्यांत, ५८ सालची. दुसरी ७१ ची, इंग्रजी आकड्यांत. तिसरी ९४ ची. संग्राहकांनी झाकण उघडलेच नाही.

मराठवाड्याच्या माणसाला इथे पैठण आठवल्याशिवाय राहत नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. त्यांनी पाठाला हात लावला, आणि आपण तो लावला हे शेवटी वर्षासकट नोंदवले. शिवाय पुढच्यांनी पदरच्या ओव्या घालू नयेत असेही बजावले. त्यांनी नेमके काय बदलले यावर अभ्यासक आजही भांडतात, आणि भांडावेच. पण त्या प्रतीला कोणी बनावट म्हणत नाही. दुरुस्ती आणि बनवाबनवी यांतला फरक मला इथे दिसतो. नवा भाग आपले वय सांगतो की लपवतो?

या कसोटीवर आमचे घड्याळ पूर्णपणे सुटते असे मात्र नाही. हैदराबादच्या रंगाऱ्याने तळाशी ‘स्विस मेड’ ही अक्षरे पुन्हा लिहिली आहेत, आणि स्वित्झर्लंडने ती डायल कधी पाहिलेली नाही. झाकण खरे बोलते, तोंड खोटे. संग्राहकांचा संताप मला तिथे समजतो.

गेल्या महिन्यात घड्याळ लातूरला साफ करायला दिले, तेव्हा घड्याळजींना म्हणालो, “तारखेबरोबर ‘डायल हैदराबाद ९४’ एवढेही कोरा.” ते हसले. म्हणाले, “सर, इकतांना भाव पडंल की.” विकायचे नाही म्हटल्यावर त्यांनी झाकण उजेडात फिरवून जागा शोधली आणि कडेला, अगदी बारीक अक्षरांत, कोरून दिले.