तायेको ओनुकी यांची अल्पपरिचित गीते : रसग्रहणाचा एक प्रश्न

लोकप्रिय गीताचे रसग्रहण हा विषय विद्यापीठीय समीक्षेने आजवर काहीसा गौण मानला आहे. त्यातही जे गीत आपल्या काळात फारसे खपले नाही आणि पुढे निराळ्याच कारणाने गाजले, त्याचे मूल्य कोणत्या कसोटीवर ठरवावे, हा प्रश्न अधिकच बिकट होतो. जपानी गायिका व गीतकर्त्री तायेको ओनुकी यांची १९७६ ते १९७८ या काळातील गीते या प्रश्नाच्या विचारास विशेष उपयुक्त आहेत.

ओनुकी यांचा जन्म १९५३ साली तोक्योत झाला. तात्सुरो यामाशिता यांच्यासह त्या 'शुगर बेब' या वृंदात होत्या. या वृंदाची 'साँग्ज' ही एकच ध्वनिमुद्रिका १९७५ मध्ये निघाली व पुढील वर्षी वृंद विसर्जित झाला. त्यानंतर ओनुकी यांच्या स्वतंत्र ध्वनिमुद्रिका क्रमाने निघाल्या : 'ग्रे स्काइज' (१९७६), 'सनशॉवर' (१९७७) व 'मिन्योन' (१९७८). त्यांपैकी 'सनशॉवर'ची वाद्ययोजना र्‍यूइची साकामोतो यांची असून तीत 'स्टफ' या अमेरिकन वृंदातील ख्रिस पार्कर यांनी ड्रम वाजविले आहेत. वादकांची योग्यता अशी असूनही त्या काळी या गीतांना मोठा श्रोतृवर्ग लाभला नाही.

पुढे २०१० नंतरच्या दशकात 'सिटी पॉप' या नावाखाली त्या काळच्या जपानी गीतांकडे जगभरच्या श्रोत्यांचे लक्ष वळले. २०१७ साली एका जपानी दूरचित्रवाणी कार्यक्रमात 'सनशॉवर'च्या शोधार्थ जपानला आलेला एक अमेरिकन गृहस्थ दाखविण्यात आला, आणि खुद्द जपानातही या ध्वनिमुद्रिकेची चर्चा नव्याने सुरू झाली. उपेक्षित कृतीस न्याय मिळाला, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु 'सिटी पॉप' या नावाबरोबर रात्रीचे दिवे, मोटारीतील सफर, सुखासीन नागर जीवन अशी एक ठरीव चित्रमाला येते आणि ती गीताच्या अर्थावर आधीच पसरते. येथेच रसग्रहणाने सावध होणे अवश्य आहे.

'सनशॉवर'मधील 'तोकाई' हे गीत पाहावे. 'तोकाई' म्हणजे शहर. लय डौलदार, विद्युत पियानोचे स्वर मृदू, बासची चाल शरीरास डोलावयास लावणारी. केवळ कानाने ऐकणाऱ्यास हे नगरस्तोत्रच वाटेल. शब्दांचा आशय मात्र उलट आहे. पहाटेपर्यंत चालणाऱ्या रंगेलपणास गीतातील व्यक्ती विटली आहे; आजचा दिवस ढकलण्याचे जिणे सोडून घरी परतावे, असे ती सुचविते. शहराचा मोह स्वरांत आहे व त्याचा नकार शब्दांत आहे. ज्या लयीतून बाहेर पडावयाचे त्याच लयीवर हा नकार गायिला जातो. गीताची खरी वेदना या विसंगतीत आहे.

त्याच ध्वनिमुद्रिकेतील 'कुसुरी ओ ताकुसान', म्हणजे 'पुष्कळ औषधे', हे गीत औषधांवर विसंबणाऱ्या समाजाचा उपहास करते, आणि तोही खेळकर चालीत. 'मिन्योन'मधील 'फोर ए. एम.' या गीतात पहाटेच्या प्रहरी जागणारे मन आणखी एका संधीची याचना करते. त्यातील प्रार्थनेसारखी इंग्रजी ओळ पुनःपुन्हा येते व नृत्यास योग्य अशा ठेक्यास आर्ततेची किनार लावते. तिन्ही गीतांत रचनेचे तत्त्व एकच दिसते : वाद्यमेळ सुखाचे आश्वासन देतो आणि शब्द त्या सुखाची उलटतपासणी करतात.

हे तत्त्व सिद्धीस जाते ते ओनुकी यांच्या गायनपद्धतीमुळे. जपानी 'एन्का' गीतप्रकारात 'कोबुशी' नावाची, आपल्या मुरकीची आठवण करून देणारी, स्वरांची वळणे भावनेचा भार वाहतात. ओनुकी यांच्या गायनात असा अलंकार जवळजवळ नाही. स्वर सरळ लागतो, कंप अत्यल्प असतो, उच्चार स्वच्छ राहतो. गायिकाच गहिवरली असती, तर उपहासाचा उपदेश झाला असता आणि याचनेचा विलाप. संयमामुळे निर्णय श्रोत्यावर सोपविला जातो.

यावर असा आक्षेप येईल की, जपानी न जाणणाऱ्या श्रोत्यास नादातून मिळणारा आनंदही खरा आहे, आणि त्यानेच ही गीते विस्मृतीतून वर काढली. हा आक्षेप निराधार नाही. नादाचे आकर्षण हे येथे अर्थाचेच एक अंग आहे. त्यावाचून नकारास धार येणार नाही. तथापि आकर्षणापाशीच थांबणारा आस्वाद गीताचा पूर्वपक्ष ऐकतो व उत्तरपक्ष गाळतो. गीताची भाषा न जाणणाऱ्या समीक्षकाने निदान भाषांतराच्या साहाय्याने आशयापर्यंत पोहोचणे, हे म्हणूनच त्याचे किमान कर्तव्य ठरते.

'मिन्योन'नंतर दोन वर्षांनी, १९८० मध्ये, 'रोमान्तीक' ही ध्वनिमुद्रिका आली व तीत ओनुकी युरोपीय वळणाच्या संगीताकडे वळल्या. साकामोतो यांच्याशी त्यांचे सहकार्य पुढेही टिकले. २०१० च्या 'उताउ' या ध्वनिमुद्रिकेत केवळ त्यांचा पियानो व ओनुकी यांचा कंठ आहे. वाद्यमेळाचा सारा झगमगाट तेथे गळून पडला आहे, पण स्वराचा सरळपणा कायम आहे. तो आरंभापासून केवळ त्या काळच्या फॅशनचा भाग नव्हता, याचा याहून चांगला पुरावा शोधावयास नको. या गीतांचे स्थान ठरविताना नव्या लोकप्रियतेचे आभार मानावेत. निकाल मात्र गीतांच्या स्वर-शब्दसंबंधावरूनच द्यावा.