या महिन्याला प्रेमकादंबरी

पुस्तक भिशीत चरित्र किंवा प्रवासवर्णन ठरवताना फारसा वाद होत नाही. कुणी ‘या वेळी एखादी छानशी प्रेमकादंबरी घेऊ या’ म्हटलं, की मात्र मंडळी एकमेकांकडे बघायला लागतात. मग ‘ययाति’चं नाव निघतं, ‘स्वामी’चं निघतं; दोन्ही बहुतेकांनी केव्हाच वाचलेल्या असतात. ‘दुनियादारी’ म्हणावं, तर निम्म्यांनी सिनेमा पाहिलेला असतो आणि तेवढ्यावर त्यांचं समाधान झालेलं असतं. शेवटी कुणाचं तरी आत्मचरित्र ठरतं. हा गोंधळ भिशीने निर्माण केलेला नाही. मराठी कादंबरीने प्रेमावर भरपूर लिहिलं, पण निव्वळ प्रेमकथा लिहायचा तिला कायम संकोच वाटत आला. सोबतीला पुराण, इतिहास, समाजसुधारणा, निदान मानसशास्त्र तरी असलं की मगच तिला धीर येतो.

हा संकोच ज्याच्याकडे नव्हता, असा एक मोठा लेखक होऊन गेला आणि त्याची किंमतही त्याने चुकती केली. ना. सी. फडके यांनी ‘कुलाब्याची दांडी’ (1925), ‘जादूगार’ (1928), ‘दौलत’ (1929) अशा कादंबऱ्यांतून प्रेमकथा हे एक कसब मानलं. सुरुवात कुठे करायची, गाठ कधी मारायची, ती किती ताणायची, याचा त्यांनी कारागिराच्या शिस्तीने विचार केला. आज ती पानं वाचताना नायक-नायिकांचे गैरसमज एका पोस्टकार्डाने मिटले असते असं वाटत राहतं, आणि सगळी पात्रं एकाच उत्पन्नगटातली दिसतात. हे दोष खरेच आहेत. पण पुढच्या समीक्षेने त्यांच्या मर्यादांबरोबर ते कसबही अडगळीत टाकलं. कलेसाठी कला की जीवनासाठी कला या वादात वि. स. खांडेकरांची बाजू नैतिकदृष्ट्या वरचढ ठरली, आणि प्रेमाला ध्येयाचा, त्यागाचा दाखला जोडायची सवय मराठी वाचकाला लागली. ‘ययाति’ (1959) भिशीत चांगली रंगते हे मान्य. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा तिघेही आपापली बाजू स्वतः सांगतात, त्यामुळे बाजू घेऊन भांडता येतं. पण भांडण बहुधा भोग आणि संयम यांवरच जाऊन थांबतं. प्रेमाबद्दल कुणी बोलत नाही.

प्रेमाबद्दल बोलायचं असेल, तर विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ (1939) काढावी. जेमतेम शे-सव्वाशे पानांची ही कादंबरी. युरोपातून निघालेल्या बोटीवर चक्रधर हा मराठी तरुण आणि हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेली हॅर्टा ही ज्यू तरुणी भेटतात. बोट मुंबईला लागेपर्यंतच काय तो त्यांचा संसार. चक्रधर मागच्या एका प्रेमात पोळलेला आहे आणि त्याचा सूड तो हातच्या प्रेमावर उगवतो. पुढे हॅर्टाची पत्रं येतात, आणि त्याने नेमकं काय केलं ते वाचकाला त्याच्याआधी कळतं. बेडेकर सिनेमावाले होते, ते प्रसंगांच्या कापणीत दिसतं. कुठेही विशेषणांची झूल नाही. नायक आवडत नाही, तरी पुस्तक खाली ठेववत नाही. ‘त्याने तिला थांबवायला हवं होतं का?’ एवढ्या एका प्रश्नावर संध्याकाळ जाते. माझ्या मते मराठीतली ही सर्वांत चांगली प्रेमकथा आहे. तिच्याबद्दल लिहिताना मात्र आपण महायुद्ध, वंशद्वेष, मानवी एकाकीपणा असले शब्द वापरतो. ती आधी एका मुलीची आणि एका भित्र्या माणसाची गोष्ट आहे, हे सांगायला जणू लाज वाटते.

त्याआधी पाच वर्षं, 1934 मध्ये, विभावरी शिरूरकर या टोपणनावाने मालतीबाई बेडेकरांनी ‘हिंदोळ्यावर’ लिहून लग्नाबाहेरच्या सहजीवनाचा प्रश्न मांडला होता. एकाच घरातल्या दोन माणसांनी प्रेमाकडे इतक्या वेगवेगळ्या बाजूंनी पाहिलं, म्हणून दोन्ही पुस्तकं लागोपाठच्या महिन्यांत वाचावीत.

श्री. ना. पेंडशांची ‘गारंबीचा बापू’ (1952) प्रादेशिक कादंबरीच्या कप्प्यात ठेवली जाते, म्हणून तिच्यातलं प्रेम नजरेतून निसटतं. ज्या राधेबद्दल गाव कुजबुजतं, तिच्याबरोबर बापू उघडपणे राहतो आणि गावाला पुरून उरतो. प्रेम करून जगलेला, आणि नुसता जगलेला नव्हे तर वर आलेला असा नायक आपल्याकडे विरळाच.

खरी हानी झाली ती पुढच्या काळात. साठ-सत्तरच्या दशकांत गल्लोगल्लीच्या लायब्ऱ्या ज्यांच्या जिवावर चालल्या त्या लेखिका आठवा: कुसुम अभ्यंकर, शैलजा राजे, योगिनी जोगळेकर, सुमती क्षेत्रमाडे, शकुंतला गोगटे. दुपारी स्वयंपाकघर आवरून पुस्तक बदलायला जाणाऱ्या बायकांसाठी त्यांनी लिहिलं, आणि शेवट गोड करायला त्या कचरल्या नाहीत. सगळंच लेखन चांगलं होतं असं नाही. बरंचसं घाईचं होतं, योगायोगांवर तरलेलं होतं. पण हुंडा, नोकरी, सासरची खोली, नवऱ्याचा अबोला हे तपशील त्यांच्याकडे जितके अचूक सापडतात, तितके त्या काळच्या पुरस्कारप्राप्त कादंबऱ्यांत सापडत नाहीत. चंद्रकांत काकोडकरांचं नाव तर नाक मुरडूनच घेतलं जाई. त्यांच्या ‘नीलांबरी’वरून ‘दो रास्ते’ हा गाजलेला हिंदी चित्रपट निघाला. 1962 च्या एका दिवाळी अंकातल्या त्यांच्या ‘श्यामा’वर अश्लीलतेचा खटला थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि 1969 मध्ये ती अश्लील नाही असा निकाल लागला. न्यायालयाने त्यांना सोडलं, समीक्षेने सोडलं नाही. वाङ्मयेतिहासात या सगळ्यांना मिळून एखादा परिच्छेद मिळतो.

याच सुमारास ‘कोसला’ (1963) आली आणि तरुण लेखकाला प्रेमकथा लिहिणं बालिश वाटू लागलं. त्याच्या आदल्याच वर्षी पु. शि. रेगे यांची ‘सावित्री’ (1962) आली होती. नुसती नायिकेची पत्रं. समोरच्याचं एकही उत्तर नाही. काही सभासद दहाव्या पानावर कंटाळतील, काही जणी वही घेऊन बसतील. गट नवा असेल तर ती आत्ताच लावू नये.

प्रेमाला पुन्हा वयात आणलं ते गौरी देशपांडे यांनी. ‘तेरुओ आणि काही दूरपर्यंत’ (1985) या पुस्तकातल्या दोन लघुकादंबऱ्यांपैकी पहिलीत एक विवाहित स्त्री जपानी तरुणाच्या प्रेमात पडते, आणि लेखिका तिला शिक्षा करत नाही. अपराधीपणाचं पान आता येईल, मग येईल, म्हणून वाचक वाट बघतो. ते येतच नाही. यावर ‘हिला काय, पैसा आहे, परदेश आहे’ ही तक्रार ठरलेली. तक्रारीत तथ्य आहे. गौरीबाईंचं स्वातंत्र्य एका विशिष्ट वर्गाच्या दिवाणखान्यातलं आहे. पण ती तक्रार नायिकेबद्दल आहे की स्वतःच्या परिस्थितीबद्दल, हे एकमेकींना विचारून बघावं.

वर्गाइतकाच जातीचा प्रश्न. मराठी प्रेमकादंबरीतले अडथळे बहुतेक वेळा पत्रिका, पैसा किंवा गैरसमज यांचेच राहिले. अण्णा भाऊ साठे यांनी जातीबाहेर प्रेम करणाऱ्या मुलीच्या वाट्याला काय येतं ते ‘आवडी’त दाखवलं, पण त्यांना आपण प्रेमकथाकार म्हणत नाही. 2016 मध्ये ‘सैराट’ला जी गर्दी लोटली, तिच्यामागे ही उपासमारही होती. कादंबरीने न सांगितलेली गोष्ट सिनेमाने सांगितली, आणि त्यानंतरही कादंबरी फारशी जागी झालेली दिसत नाही.

या शतकातलं काही हवं असेल, तर मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ (2004) सर्वांना चालते, आणि तोच तिचा तोटा: सगळे आपापल्या नववीच्या आठवणी काढतात, पुस्तक बाजूला राहतं. सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ (2006) घ्यावी. भाडेकरू म्हणून आलेल्या एकाच मुलावर भाऊ आणि बहीण दोघांचंही प्रेम बसतं. अर्धं पुस्तक त्याचं, अर्धं तिचं. भावाच्या भागातली कळ बहिणीच्या भागात थोडी पातळ होते, पण पुण्यातल्या मध्यमवर्गीय घराचं गप्प बसणं कुंडलकरांनी नेमकं पकडलं आहे.

बाकी आजची लोकप्रिय प्रेमकथा छापील पुस्तकातून उठून मोबाइलवर गेली आहे. प्रतिलिपिवर रोज भाग पडतात, वाचणाऱ्याही पुष्कळ आहेत. तिथे उत्साह आहे, उत्कंठा आहे. संपादक मात्र नाही. फडक्यांचं अडगळीत टाकलेलं कसब तिथे लिहिणाऱ्या मुलींना कुणी तरी शिकवायला हवं होतं.

भिशीसाठी निवड करायची तर या महिन्याला ‘रणांगण’, पुढच्याला ‘तेरुओ’, आणि गट जमला की ‘कोबाल्ट ब्लू’. एक विनंती त्याबरोबर. आईच्या किंवा मावशीच्या कपाटात कुसुम अभ्यंकर, शैलजा राजे यांच्या जुन्या प्रती असतील, तर त्या रद्दीत घालू नका. जवळच्या वाचनालयात निर्लेखनाला निघालेले गठ्ठेही एकदा चाळून बघा. अशी एखादी कादंबरी हाती लागली, तर वर्षातला एक महिना तिला द्या.